थंड घे, पद्मिनी!

जुन्या फिआटमध्ये नवं इंजिन बसवायचं वेड अनेकांना लागलंय. पण सिग्नलला उभ्या गाडीत एसी चालणार की इंजिन उकळणार, हे ठरवतात दोन पंखे, दोन रिले आणि थोडी जाड वायर.

घरातले जुने अल्बम काढून बघा. लोणावळ्याच्या ट्रिपच्या फोटोंमध्ये एक फोटो हमखास सापडेल. खंडाळ्याच्या घाटात कडेला उभी फिआट, बॉनेट उघडं, बाबा पाण्याची बाटली घेऊन रेडिएटर थंड व्हायची वाट बघताहेत आणि आई रुमालाने वारा घेत दगडावर बसलीय. त्या काळी याला कुणी ‘ब्रेकडाऊन’ म्हणायचं नाही. तो ट्रिपचाच एक हॉल्ट होता!

ही गाडी आपली, अगदी मुंबईची. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात १९६४ पासून ती फिआट ११०० डिलाइट म्हणून बनायला लागली, १९७४ मध्ये तिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं आणि २०००च्या आसपास तिचं उत्पादन थांबलं. टॅक्सीच्या रूपात ती आणखी बरीच वर्षं टिकली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेव आरटीओत रजिस्टर झाली होती. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली ती गेलीच.

उरल्या त्या खासगी गाड्या. सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली झोपलेल्या. आता तिशीतल्या मुलांनी त्या उठवायला घेतल्यात. कुणी सगळं ओरिजिनल ठेवतं, तर कुणी थेट हृदयच बदलतं. मूळ इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीसेक बीएचपी. त्याच्या जागी मारुती जिप्सीचं १२९८ सीसीचं इंजिन बसवलं, की आकडा होतो ८० बीएचपी. जिप्सीचं इंजिन गाडीत उभं, म्हणजे पुढून मागे बसवलेलं असतं, सोबत पाच गिअरचा बॉक्स असतो आणि पद्मिनीही मागच्या चाकांवर चालणारी. त्यामुळे जोडी जमते. शनिवारच्या पार्टीत सांगायला एकदम सॉलिड स्टोरी!

पण यातला सगळ्यात कठीण भाग इंजिन बसवणं नाहीच, असं मला वारंवार ऐकायला मिळत होतं. म्हणून या लेखासाठी गेल्या मे महिन्यातले तीन शनिवार मी कुर्ल्यातल्या एका गॅरेजमध्ये काढले.

गाडी कुणाची, घाई कुणाला?

गाडी आहे १९८७ची, पांढरी. मालक बँकेत नोकरी करतो, वय ३३. गाडी घेतली त्याच्या बाबांनी. ते आता ७४ वर्षांचे आहेत आणि उन्हाचा त्रास होतो म्हणून डॉक्टरांनी त्यांना दुपारचं बाहेर पडायला मनाई केलीय. मुलाकडे दुसरी, छान थंडगार एसीची गाडी आहे. पण बाबांचं म्हणणं एकच, आपल्या गाडीतून एकदा गावी जाऊन यायचं. गाव सांगलीजवळ. म्हणजे घाट आला, ऊन आलं आणि पनवेलपर्यंतचं ट्रॅफिकही आलंच.

तेव्हा एसी ही इथे चैन नव्हती. एसी नसेल तर बाबांना नेता येणार नाही आणि एसीमुळे गाडी घाटात उकळली तर ते भर उन्हात रस्त्यावर उभे राहणार. त्यापेक्षा वाईट शक्यता पहिल्याच शनिवारी दिसली.

गॅरेजमधल्या वायरिंगच्या कामाचे बॉस म्हणजे चाचा. सगळं गॅरेज त्यांना चाचाच म्हणतं. डॅशबोर्डखाली अर्धं अंग घालून ते पडले होते. त्यांनी आतून एक वायर ओढली आणि माझ्या हातात दिली.

“मॅडम, वास घ्या.”

जळलेल्या प्लॅस्टिकचा वास. वायरचं आवरण वितळून शेजारच्या दोन वायरींना चिकटलं होतं.

“आधीच्या कुणीतरी पंखा सरळ डॅशबोर्डच्या बटनावर घेतला होता. बारीक वायर, मध्ये फ्यूज नाही. नशीब, बटनच आधी गेलं.”

मालकाने ती वायर हातात घेतली आणि बराच वेळ काही बोललाच नाही. आधीचं काम दुसरीकडे झालं होतं आणि त्यानंतर दोन महिने तो रोज ऑफिसला जाताना हीच गाडी सुरू करून सोसायटीत फिरवत होता.

एसी म्हणजे इंजिनापुढे पेटवलेली शेगडी

आता थोडा फंडा क्लिअर करून घेऊ. एसी थंडी ‘तयार’ करत नाही. तो गाडीतली उष्णता उचलतो आणि बाहेर टाकतो. ही उष्णता बाहेर पडते कंडेन्सरमधून, आणि तो बसतो ग्रिलच्या मागे, रेडिएटरच्या बरोब्बर पुढे. म्हणजे रेडिएटरला जी हवा मिळते ती आधीच कंडेन्सरने तापवलेली. बिचाऱ्या इंजिनापुढे शेगडी पेटवून वर त्याला सांगायचं, ‘थंड राहा!’

गाडी साठच्या स्पीडने पळत असेल तर समोरून येणारा वाराच दोघांना सांभाळतो. गडबड होते ती सायनच्या सिग्नलला. वारा बंद, बाहेर ऊन, पुढे बसचा धूर. मग कंडेन्सरमधली उष्णता बाहेर पडत नाही, गॅसचं प्रेशर चढत जातं, कॉम्प्रेसरवरचा ताण वाढतो. तो कॉम्प्रेसर फिरवतं कोण? इंजिनच. म्हणजे तेही आणखी तापतं. आत बसलेल्यांना मात्र एवढंच जाणवतं, की एसी ‘गरम हवा मारतोय’.

जुन्या पद्मिनीचा पंखा इंजिनाला पट्ट्याने जोडलेला असायचा. इंजिन जोरात, तर पंखा जोरात. इंजिन आयडलवर रेंगाळलं, की पंखाही रेंगाळणार. थोडक्यात, ज्या क्षणी हवा सगळ्यात जास्त हवी, त्याच क्षणी ती सगळ्यात कमी. आणि इंजिन बदलल्यावर रेडिएटर आणि इंजिन यांच्यामधली जागाही बदलते, जुना पंखा तिथे बसतच नाही. उपाय एकच, बॅटरीवर चालणारे इलेक्ट्रिक पंखे. या गाडीत रेडिएटरच्या मागच्या बाजूला दोन बसवले, हवा आत खेचणारे.

दोन बॉस, एक पीए

पंखे बसवणं हे एका दिवसाचं काम. त्यांना हुकूम कोण देणार, हा प्रश्न मात्र दोन शनिवार चालला.

तुमच्या ऑफिसचं उदाहरण घ्या. पंखा हा कामाचा माणूस. त्याला बॉस दोन. पहिला बॉस इंजिनाचं तापमान. कूलंट ९५ अंशांच्या आसपास गेलं, की त्यातला थर्मोस्विच ‘चालू’ म्हणतो आणि पाणी पुरेसं निवलं, की ‘बंद’. दुसरा बॉस एसी. त्याला इंजिनाच्या तापमानाशी देणंघेणं नाही. इंजिन थंड असलं तरी कॉम्प्रेसर लागल्याबरोबर कंडेन्सरला हवा हवी. दोघांपैकी कुणीही एकाने सांगितलं तरी पंखा लागलाच पाहिजे आणि दोघांनीही सोडलं तरच थांबला पाहिजे.

पण हे दोन्ही बॉस नाजूक. थर्मोस्विच काय किंवा एसीचं बटन काय, पंख्याचा सगळा करंट त्यांच्यातून न्यायला गेलात तर ते वितळणार. या पंख्यांपैकी एकेक चालताना दहा-बारा अँपिअर घेतो आणि सुरू होतानाचा झटका त्याच्या दुप्पट-तिप्पट. म्हणून मध्ये लागतो पीए, म्हणजे रिले. काड्यापेटीएवढा डबा. त्यावर चार पिनांचे चार आकडे, ३०, ८५, ८६ आणि ८७. ८५ आणि ८६ मध्ये असते बारीक कॉइल. तिला जेमतेम पाव अँपिअरपेक्षाही कमी करंट पुरतो. कॉइल जागी झाली, की ३० आणि ८७ आतल्या आत जोडले जातात आणि बॅटरीतला मोठा करंट जाड वायरीने थेट पंख्याकडे जातो. बॉस फक्त खूण करतो, फाइल उचलतो पीए.

चाचांनी दोन पंख्यांना दोन वेगळे रिले आणि दोन वेगळे फ्यूज दिले. कारण विचारलं तर म्हणाले, “घाटात एक मेला तर दुसरा घरी आणेल ना!”

आणि एक गंमत. दोन बॉसच्या वायरी एकाच ठिकाणी नुसत्या जोडल्या, तर हुकूम उलटाही जातो. इंजिन तापून थर्मोस्विचने पंख्याला सांगितलं, की तोच करंट मागे वळून एसीच्या वायरीत शिरतो आणि एसी बंद असताना कॉम्प्रेसरचा क्लच ‘टक’ करून लागतो. इंजिन आधीच तापलेलं, त्यात हा नवा बोजा. यासाठी दोन्ही वायरींत एकेक डायोड घातला. डायोड म्हणजे वन-वे रस्ता. लॅमिंग्टन रोडवर दोन-चार रुपयांना मिळतो.

तिसरा एक साहेबही आहे, प्रेशर स्विच. गॅस गळून प्रेशर फार पडलं किंवा कंडेन्सर गुदमरून प्रेशर फार चढलं, तर तो थेट कॉम्प्रेसरच बंद करतो. खर्च वाचवायला हा स्विच गाळून वायर सरळ जोडणारे लोक असतात. मग पंखा बंद पडला तरी कॉम्प्रेसर दामटत राहतो आणि शेवटी पाइप फुटतो किंवा कॉम्प्रेसर जातो.

वायर किती जाड?

हा प्रश्न मला अगदी फालतू वाटला होता. मग चाचांच्या पोराने कागदावर हिशेब मांडला. तो आयटीआयचा विद्यार्थी आहे. एक चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, येऊन-जाऊन पाच मीटर, करंट १२ अँपिअर. जवळजवळ एक व्होल्ट वाटेतच खर्च! म्हणजे पंख्याला साडेतेराऐवजी साडेबारा व्होल्टच मिळणार, तो हळू फिरणार आणि हरवलेली बारा वॉट उष्णता वायरीलाच तापवणार. तीच वायर चार चौरस मिलिमीटरची घेतली, तर नुकसान पाव व्होल्टवर येतं. म्हणून ‘चालतंय ना?’ हा प्रश्न इथे चालत नाही. बारीक वायरीवरही पंखा फिरतोच. हळू फिरतो एवढंच आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

फ्यूज लावायचा तो बॅटरीच्या जवळ, वीतभर अंतरावर. कारण फ्यूज पंख्याला वाचवत नाही, तो वायरीला वाचवतो. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतचा तुकडा उघडाच असतो, त्याला कुणी वाली नाही.

आणि अर्थ. साडेतीन दशकांच्या बॉडीवर रंगाचे थर आणि खाली गंज. तिथे नुसता स्क्रू पिळला तर करंटला परतीचा रस्ताच मिळत नाही. चाचांनी पॉलिश पेपरने पत्रा लखलखीत केला, मग लग बसवला, वर ग्रीस. नवं इंजिन रबरी माउंटिंगवर असल्यामुळे इंजिन ते बॉडी अशी वेगळी जाड पट्टीही टाकली.

पावसाळी रात्रीचं बजेट

दुसऱ्या शनिवारी मालकाने एक्सेल शीट आणली. बँकवाला शेवटी! जुलैची रात्र, पाऊस, ट्रॅफिक. दोन पंखे २० ते २४ अँपिअर. आतला ब्लोअर १०. कॉम्प्रेसरचा क्लच ४. हेडलाइट ९. वायपर ५. इंजिनाचा कॉम्प्युटर, इग्निशन आणि पेट्रोल पंप मिळून १०. बेरीज साठच्या घरात. बसवलेल्या अल्टरनेटरची पाटी सांगते ६५. चला, जमलं की!

नाही जमलं. पाटीवरचा आकडा इंजिन जोरात फिरतानाचा. आयडलवर अल्टरनेटर जेमतेम निम्मं देतो. उरलेलं बॅटरीतून जातं. तासभर जॅममध्ये अडकलात तर बॅटरी बसलीच म्हणून समजा. एसी लागल्याची खबर इंजिनाच्या कॉम्प्युटरला देणारी वायर जोडली, तेव्हा आयडल थोडं वर चढलं. अल्टरनेटरही जास्त क्षमतेचा घेतला. मूळच्या जुन्या फिआटमध्ये डायनॅमो असायचा. त्याला हा हिशेब दाखवला असता तर त्याने राजीनामाच दिला असता.

“माझं बटन कुठंय?”

तिसऱ्या शनिवारी टेस्ट. गाडी हलवायची नव्हतीच. पंख्यांची खरी परीक्षा उभ्या गाडीतच होते. दुपारी दीड वाजता, उघड्या आवारात, इंजिन आयडलवर, एसी फुल. बाबा खास रिक्षाने आले होते. आल्याआल्या त्यांनी डॅशबोर्डवर हात फिरवला.

“अरे, पंख्याचं माझं बटन कुठंय?”

“बाबा, आता सगळं ऑटोमॅटिक आहे. तुम्हाला काही करायला नको.”

“ते तू ठेव रे. मला बटन पाहिजे. काटा वर जाताना मी नुसता बघत बसू?”

मुलगा वैतागला. चाचांनी मात्र मान डोलावली आणि अर्ध्या तासात बटन बसवून दिलं. पण ते थेट पंख्याला न जोडता रिलेच्या कॉइलला जोडलं, तिसऱ्या डायोडमधून. आतून जाणारा करंट इतका कमी, की बटन गरम होण्याचा प्रश्नच नाही. थर्मोस्विच दगा देईल त्या दिवशी हेच बटन गाडी घरी आणेल. बाबांनी ते चार वेळा चालू-बंद करून बघितलं.

मग कागदाची टेस्ट. बाबांचंच वर्तमानपत्र घेतलं, एक पान ग्रिलसमोर धरलं. डाव्या बाजूला पान चपकन चिकटलं. उजव्या बाजूला उडून गेलं! पोराने त्या पंख्याच्या दोन वायरी उलट लावल्या होत्या. असा पंखा फिरतो, आवाज करतो, करंट खातो, फक्त हवा उलटी फेकतो. दोन पिना बदलल्या आणि पान चिकटलं.

एक तास गाडी उभी होती. पाण्याचा काटा मधल्या खुणेच्या जरा वर जायचा, पंखे आधीच चालू असल्यामुळे तिथेच थांबायचा. थर्मामीटर एसीच्या जाळीत अडकवलेला, आकडा १४ अंशांवर. मग चाचांनी न सांगता एका पंख्याचा फ्यूज उपटला. काटा चढला, जाळीतली हवा १९ वर गेली, पण गाडी उकळली नाही. बाबा मागच्या सीटवर उरलेला पेपर वाचत होते. त्यांना कळलंसुद्धा नाही.

कागद आधी, बाकी नंतर

मग सांगलीला कधी? इथे ब्रेक लागतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, की आरसीतली नोंद आणि कंपनीने मुळात दिलेलं स्पेसिफिकेशन यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच ठामपणे सांगितलं. दुसऱ्या कंपनीचं इंजिन म्हणजे थेट याच कलमाशी गाठ. आरसीवर इंजिन नंबर जुळत नसेल तर अपघातात विम्याचा क्लेम अडकू शकतो, हा मुद्दा वेगळाच.

मालकाने आरटीओत अर्ज केलाय. उत्तर येईपर्यंत गाडी गॅरेजच्या आवाराबाहेर काढायची नाही, हा त्याचा नियम. उत्तर ‘नाही’ आलं तर? गॅरेजच्या कोपऱ्यात मूळ इंजिन ग्रीस लावून, फडक्यात गुंडाळून ठेवलंय. सगळे ब्रॅकेट बोल्टवर आहेत. गिअरच्या दांडीसाठी फ्लोअरला पाडलेलं एक भोक सोडलं तर परतीचा रस्ता मोकळा आहे.

“मग एवढी वायरिंगची मेहनत वाया?” मी चाचांना विचारलं.

“का वाया? पंखे आहेत, रिले आहेत, वायर आहे. इंजिनाला काय माहीत, पंखा कुणाचा ते? कॉम्प्रेसर आणि अल्टरनेटरचे ब्रॅकेट बदलू.”

बाबांना मी हेच सांगितलं. त्यांना जुनं इंजिन परत आलं तरी चालणार आहे. स्पीड त्यांनी कधी मागितलाच नव्हता.

एसी लावण्याआधी एवढं बघा

• पंख्याचा करंट रिलेतूनच जाऊ द्या. बटन आणि थर्मोस्विच फक्त हुकमासाठी.

• प्रत्येक पंख्याला वेगळा फ्यूज, तोही बॅटरीजवळ.

• एसी लागला, की इंजिन थंड असलं तरी पंखा लागतो का, हे स्वतः उभं राहून बघा.

• ग्रिलसमोर कागद धरा. चिकटला नाही तर पंखा उलटा फिरतोय.

• कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या कडेच्या फटी रबराने बंद करा. नाहीतर बॉनेटखालची गरम हवा फिरून पुन्हा पुढेच येते.

• प्रेशर स्विच कधीही गाळू नका.

• इंजिन बदलायचा विचार असेल तर आधी आरटीओत चौकशी करा, मग गॅरेजला ॲडव्हान्स द्या.